पेटीसोबत आलेले मौलवी

फौजेत धर्मगुरूवर मनापासून भरवसा कोणी ठेवत नाही, आणि ठेवूही नये, असं नोकरी संपता संपता माझं पक्कं मत झालं होतं. जवानाला वाटतं, हा पंडित म्हणजे सीओ साहेबांचा माणूस. याच्याजवळ बोललेलं संध्याकाळच्या आत ऑफिसात पोचणार. ऑफिसरला वाटतं, हाच जवानांना सुट्टीसाठी कसं रडायचं ते शिकवतो. मीही काही कमी नव्हतो. माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणणाऱ्या प्रत्येकाकडे मी आधी संशयानंच पाहायचो. एका जवानाची आजी माझ्या देखत इतक्यांदा वारली की शेवटी मी त्याला म्हणालो, ‘बाबा रे, आता जरा आजोबांकडे वळ.’ तो खजील होऊन हसला आणि मग खरं कारण सांगितलं. बायको रुसून माहेरी जाऊन बसली होती.

आमचं घर समुद्रपूरचं, किराणा दुकानाचं. मी गल्ल्यावर बसावं अशी वडिलांची इच्छा. मी संस्कृत शिकलो. शास्त्रीची परीक्षा पास झालो तेव्हा गावातल्या भटजींना त्यात काहीतरी गोम दिसली. दुकानदाराचं पोरगं पंडित होतं म्हणजे काय! मग फौजेत पंडितांची भरती निघाली. तिथे त्यांनी आधी श्लोक म्हणवून घेतले, मग मैदानावर पळवलं, आणि दोन्हींत पास झाल्यावर अंगावर वर्दी चढवली.

लोकांना वाटतं फौजेतला पंडित म्हणजे आरती, शिरा आणि आराम. आमच्याकडे एकाच छपराखाली मंदिर, गुरुद्वारा, मशीद आणि चर्च होतं, आणि रविवारी जी मंदिर परेड व्हायची तिला सगळे यायचे, कारण नाव मंदिराचं असलं तरी शेवटी ती परेड. नियम असा की जो धर्मगुरू हजर असेल त्यानं सगळ्यांचं पाहायचं. मौलवी सुट्टीवर असले की ईदची सारी व्यवस्था माझ्या गळ्यात, आणि मी सुट्टीवर असलो की जन्माष्टमीचा दिवा मौलवींच्या हातानं लागायचा. बौद्ध जवानांसाठी वेगळे भंतेजी आमच्याकडे नव्हते. म्हणून एका हवालदाराकडून मी त्रिशरण-पंचशील शिकलो आणि बुद्धपौर्णिमेला वंदना घेऊ लागलो. उच्चार चुकला की तो हवालदार सगळ्यांसमोर मला थांबवायचा, आणि पुढची ओळ म्हणू द्यायचा नाही.

पुढे आम्हाला कौन्सिलिंगचा कोर्स करायला पाठवलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, समोरच्यावर विश्वास ठेवा. मी वहीत लिहून घेतलं आणि सोडून दिलं. माझी रीत वेगळी होती. कोणी मन मोकळं करायला आला की मी त्याला काही विचारायचो नाही. मंदिरातली पितळेची समई, निरांजनं, घंटा पुढ्यात ठेवायचो, चिंच आणि राख द्यायचो, आणि दोघं मिळून घासत बसायचो. हात कामात गुंतले की तोंडाला बांधलेली दोरी सैल होते. आमच्या मंदिरातलं पितळ साऱ्या ब्रिगेडमध्ये चकचकीत होतं, आणि ऑफिसर लोक माझ्या भक्तीचं कौतुक करायचे.

संशयी स्वभाव कामालाही यायचा. एकदा पूर आला तेव्हा आमची युनिट मदतीला गेली. माझ्याकडे काम होतं चुकलेली पोरं सांभाळायचं. पोर न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी इतकं खोदून विचारायचो की आयाबायांनी मला नाही नाही त्या शिव्या दिल्या. पण एकही पोर चुकीच्या हातात गेलं नाही, याचं मला आजही समाधान वाटतं.

निवृत्त होऊन नालवाडीत घर बांधलं. शेजाऱ्यांना माझा थांग काही लागेना. फौजेत होते म्हणतात, पण लढाईतली एक गोष्ट सांगत नाहीत. पंडित म्हणतात, पण कोणाकडे सत्यनारायण सांगायला जात नाहीत. कॅन्टीनमधल्या बाटल्यांचा कोटा मी उचलत नाही हे तर कोणालाच पटलं नाही. समोरच्या मेडिकलवाल्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, ‘काका, मग तुमचा माल जातो कुठं?’

अशा माझ्या फाटकाशी दोन-तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एक साठी उलटलेला माणूस येऊन उभा राहिला. पांढरा स्वच्छ शर्ट, खिशाला पेन. आत या म्हटलं तर आत येईना.

‘तुमीच का ते फौजेतले?’

‘हो. या ना, बसा.’

‘आधी सांगून ठेवतो साहेब. मी बौद्ध मानूस. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर हाये आमचं. पूजापाठ, अंगारा, गंडादोरा आमच्या घरी चालत नाई. पंडिताले तर आमी चौकटीच्या आत घेत नाई.’

‘मग माझ्याकडे काऊन आले?’ समोरचा वऱ्हाडीत बोलला की माझीही जीभ आपोआप तिकडे वळते.

‘पोराची नोकरी चाल्ली, म्हून आलो.’

तो पुलगावचा, दारूगोळ्याच्या डेपोतून निवृत्त झालेला कामगार होता. मुलगा फौजेत शिपाई, सुट्टीवर घरी आलेला. सुट्टी त्याच आठवड्यात संपत होती आणि पोरगा म्हणत होता, मी परत जात नाही. का, ते सांगत नव्हता. आईशी बोलत नव्हता, बापाशी तर नाहीच. सुट्टी संपून माणूस परतला नाही की आधी गैरहजर, मग भगोडा, मग नोकरी गेली, पेन्शन गेली, आणि गावात तोंड दाखवायची सोय गेली. हे त्या डेपोवाल्याला मी सांगायची गरज नव्हती. पुलगावच्या कोणा निवृत्त सुभेदारानं त्याला माझं नाव सुचवलं होतं.

‘तुमाले त्रिशरण येते म्हनते तो सुभेदार.’

‘येतं.’

‘म्हना बरं.’

मी फाटकात उभा राहून पंचशीलासकट म्हटलं. तो डोळे बारीक करून ऐकत राहिला. कुठे चुकलो नाही, तशी त्याच्या कपाळावरची आठी आणखी वाढली.

‘पंडिताले इतकं चोख काऊन येते?’ तो म्हणाला. ‘यात काई तरी डाव हाये.’

मला हसू आलं. त्याला आलं नाही. पण जाताना पत्ता सांगून गेला, आणि फाटकाबाहेरून म्हणाला, ‘उद्या येजा साहेब. नुसते येजा, काई आनू नका.’ पंडितजी म्हणायचं त्यानं कटाक्षानं टाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं पुलगावला गेलो. दारातच त्यानं मला अडवलं. ‘पिशवीत काय हाये?’ नोकरीभर रोज गेटवर झडती देऊन आत जाणारा माणूस; त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मी पिशवी उघडून दाखवली. मफलर, चष्म्याचं घर, दोन केळी. त्यानं मफलर झटकून पाहिला आणि मला चौकटीच्या आत घेतलं. समोरच्या भिंतीवर तथागतांची तसबीर होती, तिला मी हात जोडले. ते त्यानं पाहिलं, आणि त्यावरही त्याचा विश्वास बसला नाही.

मुलगा मागच्या अंगणात बसला होता. पुढ्यात तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी सोल्यांची, म्हणजे या ओल्या दाण्यांची, भाजी असते. मी न बोलता त्याच्यासमोर पाट ओढला आणि शेंगा सोलायला लागलो.

‘युनिटनं पाठवलं ना तुमाले?’ त्यानं मान वर न करता विचारलं.

‘नाही.’

‘समदे असंच म्हनते.’

त्याच्यावर नजर ठेवून मी माझ्या मनातली जुनी उजळणी करत होतो. आजारपणाचं सोंग? पण हात ठणठणीत होते, शेंग एका झटक्यात उकलत होती. कुणाशी मारामारी करून आला? अंगावर कुठे खूण नव्हती. दारू? तेही नाही. मग माझं लक्ष त्याच्या केसांकडे गेलं. ज्याला परत जायचं नसतं तो आधी केस वाढवतो. सुट्टीतला फौजी तर हमखास वाढवतो. याचे केस एकदोन दिवसांपूर्वीच कापलेले, कानामागं वस्तरा मारलेला, अगदी परेडला उभं राहावं असे. म्हणजे जायचं होतं याला. मग अडत कुठं होतं? माझा संशय उलट वाढला.

दुपारी त्याचा फोन वाजला. त्यानं पाहिलं आणि त्याचे हात थांबले. फोन वाजत वाजत बंद झाला, परत वाजला.

‘कोणाचा?’

‘आईचा.’

त्याची आई तर आमच्या समोर स्वयंपाकघराच्या दारात बसून चहा गाळत होती. झालं, सापडलं, असं मला वाटलं. पोरीचं नाव ‘आई’ म्हणून साठवणारे मी पुष्कळ पाहिले होते. मी तिच्याकडे नुसतं बोट दाखवलं.

‘माही आई नाई साब,’ तो म्हणाला. ‘दोस्ताची आई हाये.’

त्या दिवशी तो एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो, परत पिशवी दाखवली, आणि शेंगा संपत आल्या तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

फौजेत दोघा-दोघांची जोडी लावून देतात. एकत्र राहायचं, एकत्र ड्यूटी करायची, एकमेकांवर लक्ष ठेवायचं. याचा जोडीदार सांगलीकडचा होता. पूर्वेकडच्या डोंगरात पावसानं रस्ता खचला आणि त्यांचा ट्रक नदीत गेला. हा त्या दिवशी दुसऱ्या चौकीवर होता म्हणून वाचला. ट्रकमधले तिघं गेले. पाण्यात देह सापडायला बरेच दिवस लागले. हा परतला तोवर पेट्या बंद झाल्या होत्या. जोडीदार म्हणून पेटीसोबत गावी जायचं काम याच्याकडे आलं. पेटी उघडायची नाही, असा हुकूम होता. सोबत धर्मगुरू हवाच. युनिटचे पंडितजी सुट्टीवर होते, म्हणून मौलवीसाहेब निघाले.

गावात अंत्यविधी झाला. सलामी झाली. गर्दी इतकी की मौलवींना कोणी धड बोलू दिलं नाही. त्या गर्दीत जोडीदाराच्या आईनं याचा हात धरला आणि विचारलं, ‘बाळ, तू डोळ्यांनी पाहिलंस ना त्याला?’

‘म्या हाव म्हनलं साब,’ तो म्हणाला. ‘काय म्हनू मंग? थ्या माउलीले नाई कसं म्हनू?’

त्यानं पाहिलं नव्हतं. पण माणूस अशा वेळी दुसरं काय म्हणणार? मी असतो तर मीही कदाचित तेच म्हणालो असतो.

पुढे महिनाभरानं गावात कुजबुज सुरू झाली. आपल्या पोराबरोबर मौलवी का आला? गेलेल्या तिघांत एक मुसलमान पोरगा होता, हे कोणीतरी शोधून काढलं. झालं. पेट्या बदलल्या! आपल्याकडे त्याची पेटी आली, म्हणून मौलवी सोबत होता. आपण त्याला अग्नी दिला, आणि आपला पोरगा कुठं मातीत गेला असेल देव जाणे. युनिटनं उत्तर पाठवलं, साहेबांनी फोनवर समजावलं. जितकं समजावलं तितका तिचा संशय पक्का झाला. फौजेत जो धर्मगुरू हजर असतो तोच सगळ्यांबरोबर जातो, हे तिला कोण पटवणार? बाहेरच्या माणसाला ते खोटंच वाटतं. डेपोवाल्याला माझं त्रिशरण खोटं वाटलं तसंच ते.

मग ती रोज दुपारी याला फोन करू लागली. पाहिलंस ना? काय घातलं होतं अंगात? दाढी वाढली होती का? हा एका खोट्यावर दुसरं रचत गेला. आणि रचता रचता याच्याही मनात पाल चुकचुकली, की खरंच पेटी बदलली असेल तर? आता ती नवीनच बोलत होती. पेटीत तो नव्हता, नदीतही नव्हता. तो वाहून कुठेतरी काठाला लागला असेल, डोक्याला मार बसून काही आठवत नसेल. तू परत गेलास की त्याचा शोध घे.

‘मी गेलो की थे रोज इचारन, शोधला काय?’ त्याचा आवाज फाटला. ‘काय शोधू साब? कोनाले शोधू?’

मला त्या पोराची फार दया आली. मेलेल्याला शोधायची ड्यूटी अंगावर घेऊन कोण परत जाईल?

‘मौलवींचा नंबर आहे तुझ्याकडे?’

होता. पण त्यानं कधी लावला नव्हता. मौलवींशी बोललं तर आपण खोटं बोललो ते उघडं पडेल, ही भीती.

आता इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी नव्या-जुन्या धर्मगुरूंना शिकवत होतो. सगळ्या धर्मांचे एकाच वर्गात. त्यात मी एक धडा स्वतःचा घातला होता. पेटी बंद व्हायच्या आधी धर्मगुरूनं स्वतः पाहायचं, आणि चेहऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही. चेहरा पाण्यानं, बर्फानं, आगीनं बदलतो. दुःखातला माणूस कोणाचाही चेहरा आपल्या माणसाचा मानतो. पाय पाहायचे. बुटांत राहिल्यामुळे पाय शाबूत असतात, आणि डोंगरातले जवान थंडीच्या जखमांसाठी रोज एकमेकांचे पाय तपासतात, म्हणून ओळख पटवणाराही सापडतो. विद्यार्थी कुरकुरायचे. हा म्हातारा मेलेल्यावरही संशय घेतो, असं ते माझ्यामागे म्हणायचे.

मी मौलवींना फोन लावला. डेपोवाला शेजारी येऊन उभा राहिला, मी पंडित त्याच्या पोराबद्दल काय काय सांगतो ते ऐकायला.

‘आप कौन? नंबर किसने दिया?’ पलीकडून प्रश्न आला. मी ओळख सांगितली. ‘देखिए, ऐसी बातें मैं फ़ोन पर नहीं करता,’ म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

मला राग यायला हवा होता. मला बरं वाटलं. धर्मगुरू असाच असायला हवा. परत लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणालो, ‘चेहरा बाद में. पहले पाँव.’

ते म्हणाले, ‘पंडितजी, आपने हमसे यह इम्तिहान में भी लिखवाया था.’

मी त्यांना घाईघाईनं थांबवलं. तुम्ही काय पाहिलं ते मला सांगू नका, या पोरालाही सांगू नका. त्या आईला शंका यायला तेवढंच पुरेल, की हे सगळं आपसात ठरवून बोलतायत. जे सांगायचं ते थेट तिला सांगा. ते कबूल झाले. डेपोवाल्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. ‘हे बराबर केलं,’ तो म्हणाला.

मुलाला मी एकच अट घातली. आधी तू तिला खरं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला तो त्यानं उचलला, आणि आम्हाला ऐकू येईल असा खाटेवर ठेवला. त्याची आई दाराला टेकून उभी होती. तो म्हणाला, ‘आई, मी त्याला पाहिलं नव्हतं. पेटी आधीच बंद झाली होती. मी खोटं बोललो.’ तिच्याशी तो शाळेतलं मराठी बोलायचा.

ती रडेल, शिव्या देईल, अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, ‘मला पहिल्या दिवसापासनं ठावं हुतं रं बाळ. पेटीकडं बघताना तुझा डोळा ठरत नव्हता.’ आणि मग, ‘म्हंजे त्यात तो नव्हताच की न्हाई?’

तिच्या आवाजात आनंद होता. मी चरकलो. तोवर मला वाटत होतं की एका बाईच्या डोक्यात संशयाचा काटा रुतला आहे आणि तो आपण काढतो आहोत. तो काटा नव्हता. त्या संशयावर तिचा पोरगा जिवंत होता. पण मौलवी वाट पाहत होते, पोराच्या हातात दोनच दिवस उरले होते, आणि माझ्यानं आता मागं फिरवत नव्हतं. पोरानं मौलवींना त्याच फोनमध्ये जोडून घेतलं.

‘अम्मा, आदाब. मैं वही मौलवी, जो साथ आया था. मुझे इन लोगों ने कुछ नहीं बताया. जो मैंने देखा, वह कहता हूँ.’

‘सांगा,’ ती म्हणाली. आवाज लगेच कोरडा झाला होता.

‘चेहरे की बात मैं नहीं करूँगा अम्मा. पाँव मैंने अपने हाथ से धोए. बाएँ पाँव की छोटी उँगली बगल वाली के ऊपर चढ़ी हुई थी, पैदाइश से हो जैसे. एड़ी पर पुराना निशान था, आधे चाँद जैसा.’

माझ्यासमोर बसलेल्या पोरानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वर, चौकीवर, रोज संध्याकाळी त्यानं ते पाय तपासले होते. मला त्याला विचारायची गरज राहिली नाही.

कुठेतरी कोंबडी ओरडत होती, तिच्याकडची की आमच्याकडची ते कळेना.

‘विळा लागला हुता,’ ती म्हणाली. ‘दुसरीत हुता तवा.’ मग थांबून म्हणाली, ‘म्हंजे गेलाच तो.’

डेपोवाला पाठ फिरवून अंगणाच्या कुंपणाकडे पाहत उभा राहिला. मला वाटलं आता ती फोन ठेवेल. तिनं ठेवला नाही.

‘मौलवीबाबा, तुमी पाय धुतलं म्हंता.’

‘जी अम्मा, मैंने ही.’

‘पानी कसलं हुतं? त्याला गार पानी सोसत नव्हतं.’

मौलवी लगेच बोलले नाहीत.

‘गरम करवाया था, अम्मा,’ ते म्हणाले. ‘गुनगुना था.’

‘बरं केलंत,’ ती म्हणाली, आणि मग तिनं फोन ठेवला.

मुलगा ठरल्या दिवशी परत गेला. त्याला स्टेशनवर सोडायला मी गेलो नाही. बापानंच नंतर फोन करून सांगितलं. तो एक डबा सोले घेऊनही आला होता, आणि फाटकाच्या आत येऊन खुर्चीवर बसला. बसल्यावर मात्र त्यानं विचारलंच, ‘साहेब, खरं सांगा, तुमचा यात काय फायदा व्हता?’ मी म्हटलं, काही नाही. ते त्याला पटलं नाही.

मौलवींचा आता अधूनमधून फोन येतो. ते हैदराबादकडचे, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. आम्ही पेन्शनबद्दल बोलतो, गुडघ्यांबद्दल बोलतो, नव्या पोरांना पितळ घासायचा कंटाळा येतो याबद्दल बोलतो. त्या डोंगरात मीही होतो. पावसात, रस्ता तुटलेला असताना, त्या शेडमध्ये चहापुरतंही रॉकेल नसतं, आणि नदीतून आणलेल्या माणसाला नदीच्याच पाण्यानं धुतात, हे मला नीट ठाऊक आहे. पाणी खरंच गरम केलं होतं का, हे मी त्यांना कधीही विचारू शकतो, आणि मला ते खरं सांगतील. मी विचारलेलं नाही.